व्लादिमीर लेबेदेव : भित्तिपत्रक, चित्रपुस्तक आणि एक समास

व्लादिमीर वासिल्येविच लेबेदेव (१८९१–१९६७) या रशियन चित्रकाराविषयी लिहिताना अभ्यासकांनी एक सोयीची विभागणी रूढ केली आहे. १९३६ पूर्वीचा लेबेदेव हा भित्तिपत्रकांचा आणि मुलांच्या पुस्तकांचा क्रांतदर्शी कलावंत. १९३६ नंतरचा लेबेदेव हा भयाने वाकलेला, सर्वसामान्य वास्तववादी चित्रे काढणारा कारागीर. ही विभागणी निराधार आहे असे मला म्हणावयाचे नाही. तिच्यामागे एक प्रत्यक्ष घटना आहे आणि त्या घटनेचे क्रौर्य कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ही विभागणी ज्या कसोटीवर केली जाते ती कसोटी मला अपुरी वाटते. सपाट रंगाची, भूमितीच्या आकारांची चित्रे म्हणजे स्वतंत्र लेबेदेव, आणि छायाप्रकाश असलेली मऊ चित्रे म्हणजे पराभूत लेबेदेव, असे समीकरण मांडले की विचार संपतो. चित्राची शैली कोणती, यापेक्षा चित्राचा शब्दाशी संबंध कोणता, हा प्रश्न लेबेदेवच्या बाबतीत अधिक मूलगामी आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

मी चित्रकलेचा अभ्यासक नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. रशियन भाषेतील समासांचा अभ्यास करीत असताना उदाहरणांच्या शोधात मी मुलांच्या पुस्तकांकडे वळलो आणि तेथे लेबेदेवची गाठ पडली. त्यामुळे पुढील विवेचनात व्याकरणाचा वास येणे अपरिहार्य आहे. चित्रकलेच्या जाणकारांनी तेवढे सोसावे.

पूर्वचरित्र थोडक्यात असे. जन्म सेंट पीटर्सबर्गचा. शिक्षण प्रथम युद्धचित्रकार रूबो याच्या चित्रशाळेत आणि नंतर बर्नस्टाइनच्या कलाशाळेत. याच शाळेत सारा दार्मोलातोवा ही त्याची सहाध्यायी होती. ती पुढे सारा लेबेदेवा या नावाने नामांकित शिल्पकार झाली. क्रांतीपूर्वी लेबेदेव 'सातिरिकोन' आणि 'नोवी सातिरिकोन' या विनोदी नियतकालिकांसाठी चित्रे काढीत असे. मुष्टियुद्धाचा आणि घोड्यांचा त्याला मनस्वी नाद होता. चरित्रकार हा तपशील गमतीखातर देतात. पण त्याची चित्रे पाहताना तो आठवत राहतो. शरीराचा तोल कोठे आहे, वजन कोणत्या पायावर पडले आहे, हे लेबेदेवला रेघ ओढण्यापूर्वीच ठाऊक असते.

१९२० साली तो पेत्रोग्राद येथील 'रोस्ता'च्या खिडक्यांसाठी काम करू लागला. 'रोस्ता' म्हणजे रशियन तारवृत्तसंस्था. यादवी युद्धाच्या काळात कागद नव्हता, छापखाने ओस पडलेले, वृत्तपत्रे अपुरी. तेव्हा ताज्या बातम्यांवर आधारलेली भित्तिपत्रके रिकाम्या दुकानांच्या खिडक्यांत लावण्याची प्रथा १९१९ साली मॉस्कोत सुरू झाली. 'खिडक्या' हे नाव त्यातून आले. मॉस्कोत चेरेम्नीख, मायकोव्स्की आदी मंडळी साच्यांच्या साह्याने प्रती काढीत. पेत्रोग्रादमध्ये लेबेदेव आणि कोझ्लिन्स्की यांनी निराळी पद्धत धरली. चित्र लिनोलियमवर कोरावयाचे, काळी बाह्यरेषा छापावयाची आणि रंग हाताने भरावयाचे. दोन वर्षांत लेबेदेवने अशी शेकडो भित्तिपत्रके केली. त्यांतील फार थोडी उरली आहेत, कारण ती उरण्यासाठी केलेली नव्हती.

त्यांतील एका भित्तिपत्रकाचा विचार थोडा सविस्तर करू. १९२१ च्या सुमाराचे हे चित्र आहे. एक कामगार करवतीने लाकूड कापतो आहे आणि त्याच्या शेजारी बंदूक टेकलेली आहे. कामगार म्हणजे काही रंगीत पृष्ठभाग : धड, वाकलेली पाठ, पाय, आणि वर डोक्याचा एक आकार. त्याला चेहरा नाही. खालच्या घोषवाक्याचा अर्थ असा की काम करावयास हवे, बंदूक शेजारी असावी. मूळ रशियन वाक्य अवघ्या चार शब्दांचे आहे आणि त्यात एकही पुरुषवाचक क्रियापद नाही. पहिल्या खंडात भाववाचक धातुरूप आणि 'हवे' या अर्थाचे अव्यय. दुसऱ्या खंडात एक नाम आणि 'शेजारी' हे क्रियाविशेषण. मराठीत 'मला काम करावयास हवे' या वाक्यात काम करणारा जसा 'मला' या रूपाने येतो, तसाच रशियनमध्येही तो चतुर्थीत येतो. पण येथे तो मुळात आलेलाच नाही. काम कोणी करावयास हवे, हे वाक्य सांगत नाही. दुसऱ्या खंडात तर 'आहे' सुद्धा नाही. रशियनमध्ये वर्तमानकाळी ते सामान्यतः येतच नाही, हे खरे. तरीही दोन क्रियापदरहित खंड शेजारी ठेवल्याने वाक्याला जे बळ येते ते आपल्याला परिचित आहे. 'आधी पोटोबा, मग विठोबा' या म्हणीत क्रियापद घालून पाहावे. म्हण तत्काळ मरते.

आता वाक्य आणि चित्र एकत्र पाहावे. वाक्यात कर्ता नाही, चित्रात चेहरा नाही. वाक्यात काळ नाही, चित्रात पार्श्वभूमी नाही. वाक्यात दोन खंड जोडअव्ययाविना शेजारी ठेवले आहेत. चित्रात माणूस आणि बंदूक यांना जोडणारी जमीन किंवा भिंत नाही, केवळ सान्निध्य आहे. येथे चित्र घोषवाक्याचे स्पष्टीकरण करीत नाही आणि घोषवाक्य चित्राचे नाव सांगत नाही. एकाच रचनेची ही दोन रूपे आहेत.

हा विशेष त्या काळच्या सर्व रशियन भित्तिपत्रकांचा आहे असे मात्र नाही. द्मित्री मोर (१८८३–१९४६) याने १९२० साली काढलेले सैन्यभरतीचे प्रसिद्ध भित्तिपत्रक याच्या अगदी उलट जातीचे आहे. तेथे लाल रंगाचा सैनिक पाहणाऱ्याकडे बोट रोखून, तू स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेस काय, असे विचारतो. सर्वनाम एकवचनी 'तू', क्रियापद भूतकाळी आणि पुल्लिंगी. मराठीतील 'आलास', 'झालास' यांप्रमाणे ऐकणारा पुरुष आहे हे रशियन क्रियापदातच गृहीत धरलेले. (रशियन भूतकाळातील ल-कार आणि मराठी भूतकाळातील ल-कार यांचे उगम वेगळे आहेत, हे विद्यार्थ्यांसाठी नमूद करतो; साम्य मोहक असले तरी त्यावरून सिद्धान्त उभारू नये.) म्हणून मोरच्या सैनिकाला डोळे असावेच लागतात. 'तू' म्हणणाऱ्याला चेहरा हवा. लेबेदेवच्या कामगाराला तो नको, कारण तेथे कोणी कोणाला उद्देशून बोलतच नाही. मोरचे भित्तिपत्रक रस्त्यावरच्या माणसाला दटावते. लेबेदेवचे त्याला एक वस्तुस्थिती दाखवते आणि तिच्यात आपली जागा त्याने स्वतः शोधावी अशी सोय ठेवते. प्रचार म्हणून मोर कदाचित अधिक परिणामकारक असेल. वाचकाचा मान लेबेदेवने अधिक राखला, असे मला वाटते.

ही सवय घेऊनच लेबेदेव मुलांच्या पुस्तकांकडे आला. १९२२ साली किप्लिंगच्या हत्तीच्या पिलाची कथा कोर्नेय चुकोव्स्कीच्या रशियन अनुवादात प्रसिद्ध झाली. तिची चित्रे लेबेदेवची. किप्लिंगचा जन्म १८६५ साली मुंबईचा. त्याचे वडील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिल्पकला शिकवीत. चित्रकलेचे संस्कार घरचेच असल्यामुळे १९०२ च्या मूळ इंग्रजी पुस्तकातील चित्रे किप्लिंगने स्वतः काढली आणि प्रत्येक चित्राखाली त्यात काय काय आहे याचे लांबलचक टिपण जोडले. मगर पिलाचे नाक ओढते आहे, हे चित्र अनेकांच्या पाहण्यात असेल : दाट शाई, भरगच्च तपशील, नदीकाठची झाडी. लेबेदेवने या सर्वांचा त्याग केला. त्याच्याकडे केवळ काळा आणि करडा रंग आहे. नदीकाठ नाही, झाडी नाही. कोऱ्या कागदावर प्राणी आहेत. हत्तीचे शरीर काही तुकड्यांचे बनले आहे आणि ते तुकडे कोठे जोडले आहेत हे मुलाला दिसते. किप्लिंग चित्र काढून पुन्हा ते शब्दांत समजावून सांगतो; लेबेदेव मुलाला समजावण्याच्या भानगडीत पडत नाही. हत्ती कसा घडला याची ही कथा आहे, तेव्हा हत्ती कसा घडवला हे चित्राने दाखवावे, इतकी सरळ ही भूमिका आहे.

१९२५ च्या आगेमागे साम्युएल मार्शाक या कवीबरोबर त्याचे सहकार्य सुरू झाले. 'सर्कस', 'आइस्क्रीम', 'काल आणि आज' (१९२५) आणि 'सामान' (१९२६) ही लहान, थोड्या पानांची पुस्तके लेनिनग्रादच्या 'रादुगा' या खाजगी प्रकाशनसंस्थेने काढली. या जातीच्या पुस्तकाला रशियनमध्ये 'क्निझ्का-कार्तिन्का' असा शब्द आहे आणि मला ज्या समासाविषयी बोलावयाचे आहे तो हाच. आपण 'चित्रपुस्तक' म्हणतो तेव्हा चित्रांचे किंवा चित्रे असलेले पुस्तक असा विग्रह होतो. 'चित्र' हे पद 'पुस्तक' या पदाच्या अधीन असते. रशियन शब्दाची घडण अशी नाही. 'क्निझ्का' म्हणजे छोटे पुस्तक, 'कार्तिन्का' म्हणजे छोटे चित्र. दोन्ही नामे प्रथमेत, दोन्ही समान अधिकाराची, मध्ये एक आडवी रेघ. विभक्ती लागते ती दोहोंना स्वतंत्रपणे : सप्तमीसारख्या अर्थी 'क्निझ्के-कार्तिन्के' असे रूप होते. अर्थाच्या दृष्टीने आपल्या 'देवमाणूस' या शब्दाच्या जवळचा हा प्रकार आहे. जे पुस्तक आहे तेच चित्र आहे. एक दुसऱ्याचे अलंकरण नव्हे.

हा शब्द लेबेदेवने घडवलेला नाही. परंतु त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ लावून पुस्तक करणारा त्याच्यासारखा दुसरा चित्रकार मला ठाऊक नाही. 'सामान' हे पुस्तक घ्या. एक बाई आगगाडीने निघाली आहे आणि तिने कोच, पेटी, प्रवासी पिशवी, तसबीर, करंडी, पुठ्ठ्याचा खोका आणि एक लहानसे कुत्रे एवढे सामान रेल्वेच्या हवाली केले आहे. वाटेत कुत्रे पळून जाते. रेल्वेचे लोक भलतेच एक मोठे भटके कुत्रे पकडून सामानात घालतात, आणि बाईने तक्रार केली असता, प्रवासात ते वाढले असेल, असे उत्तर देतात. या कवितेचा कणा म्हणजे सामानाची यादी. ती पुनःपुन्हा येते. यादीत वाक्यरचना नसते, केवळ क्रम असतो. लेबेदेवने या यादीचे देखावे केले नाहीत. त्याने यादीच काढली : एकेक वस्तू, सुटी, पांढऱ्या कागदावर, पावतीवरील नोंदीइतकी नेमकी. मूल शब्द ऐकते, वस्तूवर बोट ठेवते, पुढे सरकते; आणि शेवटी कुत्र्यापाशी हिशेब चुकतो तेव्हा तो चुकलेला हिशेब कानाला आणि डोळ्याला एकाच क्षणी कळतो. कवितेतला विनोद आणि चित्रातला विनोद असे दोन विनोद येथे नाहीत.

'काल आणि आज' मध्ये रॉकेलचा दिवा, पाण्याची कावड, दौत आणि लेखणी या जुन्या वस्तूंचा विजेचा दिवा, नळ आणि टंकयंत्र यांच्याशी वाद आहे. विषय उघडच प्रचाराचा आहे. कालच्या वस्तू व माणसे काळपट, वाकलेली आणि आजची स्वच्छ रंगाची, ताठ, ही योजना भित्तिपत्रकातून थेट आली आहे, आणि खरे सांगावयाचे तर पुस्तकाचा हा भाग मला थोडा बेगडी वाटतो. तथापि, कावड वाहणाऱ्या बाईच्या त्या काळ्या छायेत जो भार आहे तो नळाच्या चित्रात नाही. चित्रकाराच्या हाताने घोषणेपेक्षा जास्त सांगितले, असे अशा वेळी म्हणावे लागते. 'आइस्क्रीम' मध्ये तर प्रचाराचा हेतू जवळजवळ विरघळून जातो. खाऊन खाऊन बर्फाचा ढिगारा झालेला लठ्ठ माणूस हा नव्या आर्थिक धोरणाच्या काळातील पैसेवाला आहे, हे मोठ्यांनी ओळखावे. मुलांना तो आइस्क्रीम खाणारा लठ्ठ माणूस म्हणून पुरेसा आहे.

याच सुमारास लेबेदेव राज्य प्रकाशनसंस्थेच्या लेनिनग्राद येथील बालविभागाचा कलासंपादक झाला. साहित्याची बाजू मार्शाककडे होती. कोनाशेविच, तिर्सा, लाप्शिन, चारुशिन, कुर्दोव, पाखोमोव, यूरी वास्नेत्सोव, वेरा येर्मोलायेवा : त्या दशकातील रशियन बालपुस्तकांची जवळजवळ सारी प्रतिष्ठित नावे या विभागाशी निगडित आहेत. कोणाचीही शैली लेबेदेवसारखी नाही, यावरून संपादक म्हणून त्याची योग्यता कळते. चित्रकाराने स्वतः दगडावर चित्र काढावे आणि छापखान्यात उभे राहावे, असा त्याचा आग्रह असे. १९२८ साली रशियन संग्रहालयात त्याच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि निकोलाय पूनिन या समीक्षकाने त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या वेळी लेबेदेव ३७ वर्षांचा होता.

येथे रूढ विभागणीला अडचणीचे ठरणारे एक पुस्तक पुढे येते. १९३० साली मार्शाकचे मांजराच्या पिल्लावरचे पुस्तक निघाले. एक चिमुकली मुलगी पिल्लाला बोलावयास शिकवते. शब्दांची अक्षरे सुटी करून सांगते. 'घोडा' सांगते, 'वीज' या अर्थाचा लांबच लांब रशियन शब्द तुकडे पाडून सांगते, आणि पिल्लू प्रत्येक वेळी म्यांव करते. (ध्वनिविचाराच्या पहिल्या तासाला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.) या पुस्तकातील चित्रे मऊ आहेत. पिल्लाच्या अंगावर केस आहेत, ते हाताला लागतील असे वाटते. मुलीला गोल चेहरा आहे. भूमितीचा मागमूस नाही. ही चित्रे लेबेदेवने कोणाच्या भयाने काढली असे म्हणता येत नाही, कारण अद्याप भयाचे कारण उपस्थित झालेले नव्हते. त्याने १९२० ते १९३० च्या दशकात केलेली नग्न आकृत्यांची रेखाचित्रेही अशीच छायाप्रकाशाच्या अंगाने जाणारी आहेत. म्हणजे मृदू लेबेदेव हा १९३६ ने जन्मास घातलेला नाही. तो आधीपासून होता. आणि तरीही हे पुस्तक शब्दशः 'क्निझ्का-कार्तिन्का' आहे. मुलगी शब्द उच्चारते तेथे मुलगी आहे, पिल्लू म्यांव करते तेथे पिल्लू आहे; पान उलटण्याची लय तीच वाक्याची लय आहे. शैली बदलली, समास टिकला.

तो तुटला १९३६ नंतर. १ मार्च १९३६ रोजी 'प्राव्दा'मध्ये एक लेख आला. शोस्ताकोविचच्या संगीतिकेवर त्याच पत्रात जो प्रहार झाला होता त्याला अवघे काही आठवडे झाले होते. या वेळचे लक्ष्य होते मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार, आणि त्यांत मुख्यत्वे लेबेदेव. 'अकादेमिया' या संस्थेने १९३५ मध्ये काढलेल्या मार्शाकच्या कथा, गाणी व कोडी यांच्या संग्रहातील त्याची चित्रे विकृत ठरवण्यात आली. लेखाच्या शीर्षकात 'खुदोझ्निक-पाच्कून' हा शब्द बहुवचनी योजला होता. 'खुदोझ्निक' म्हणजे चित्रकार. 'पाच्कून' हे 'मळवणे, बरबटणे' या अर्थाच्या धातूपासून '-ऊन' हा प्रत्यय लागून झालेले नाम. हा प्रत्यय एखादी कृती करणारा एवढेच सांगत नाही. ती कृती त्याचा स्वभाव आहे असे सांगतो. 'बोलणे' यापासून 'बल्तून', म्हणजे बडबड्या. 'खोटे बोलणे' यापासून 'ल्गून', म्हणजे लबाड. मराठीत 'रडका', 'चिडका' यांतील '-का' जवळपास हेच काम करतो. चित्र बरबटले आहे, असे म्हटले असते तर ती टीका झाली असती. 'पाच्कून' म्हटल्यावर माणसाचे वर्गीकरण झाले. आणि शब्दाची घडण पुन्हा तीच : दोन नामे, समान विभक्ती, मध्ये आडवी रेघ, शीर्षकात दोन्ही पदांना स्वतंत्र प्रत्यय लागलेले. 'क्निझ्का-कार्तिन्का' मध्ये पुस्तक हेच चित्र होते. येथे चित्रकार हाच बरबटणारा झाला. अशा समासात 'परंतु' शिरकवण्यास जागा नसते.

पुढील वर्षी लेनिनग्रादचा तो संपादकविभाग मोडला. मार्शाक १९३८ मध्ये मॉस्कोला गेला. येर्मोलायेवाला त्यापूर्वीच, १९३४ च्या अखेरीस, अटक झाली होती. १९३७ मध्ये तिला गोळी घालण्यात आली. पूनिन १९४९ मध्ये पकडला गेला आणि १९५३ मध्ये छावणीत मेला. या यादीत लेबेदेवचे नाव नाही. तो जगला, युद्धकाळात मॉस्कोत राहून 'तास' वृत्तसंस्थेच्या खिडक्यांसाठी पुन्हा भित्तिपत्रके काढू लागला, १९४५ मध्ये त्याला रशियन प्रजासत्ताकाचा लोककलावंत हा किताब मिळाला. मार्शाकची पुस्तके तो शेवटपर्यंत चित्रित करीत राहिला. 'बारा महिने' (१९४८) हे त्यांतील सुप्रसिद्ध. जगला म्हणून त्याला दोष देणारे लेखन माझ्या वाचनात आले आहे. ते मला अनुचित वाटते. परंतु चित्रांविषयी बोलणे हे समीक्षकाचे काम आहे आणि त्यात भीड चालत नाही.

'बारा महिने' मधील चित्रे कुशल आहेत. जंगल, बर्फ, मुलीचा चेहरा, सारे यथायोग्य. दोष वास्तवदर्शनाचा नव्हे. मांजराच्या पिल्लाचे पुस्तकही वास्तवदर्शी होतेच. दोष हा की ही चित्रे काढून टाकली तरी नाटक तसेच्या तसे उरते. ती मजकुराच्या मागून चालतात, त्याचे ऐकतात, त्याने सांगितलेले दाखवतात. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर समान अधिकाराचे पद विशेषण झाले. रशियन शब्द सोडून आपण ज्याला 'चित्रपुस्तक' म्हणतो ते झाले : चित्रे असलेले पुस्तक. १९३६ च्या लेखाने लेबेदेवची भूमिती हिरावून घेतली अशी खंत सर्व जण करतात. भूमिती तो स्वतःच केव्हाच बाजूला ठेवू शकत होता. हिरावले गेले ते शब्दाच्या बरोबरीने उभे राहण्याचे स्थान.

याचा पडताळा घेण्याची सोय लेबेदेवने स्वतःच करून ठेवली आहे. उत्तरकाळात त्याने 'सामान'ची चित्रे नव्याने काढली आणि पुढील अनेक वर्षे रशियन मुलांच्या हाती तीच आवृत्ती होती. त्याच्या मृत्यूनंतर ९ वर्षांनी, १९७६ मध्ये, लेनिनग्रादच्या 'खुदोझ्निक रसफसर' या संस्थेने त्याची जुनी १० बालपुस्तके एकत्र पुनर्मुद्रित केली. माझ्याजवळ हे पुनर्मुद्रण आणि उत्तरकालीन 'सामान' अशी दोन्ही आहेत. सोव्हिएत बालपुस्तकांचे मराठी अनुवाद १९९१ पूर्वी आपल्याकडे स्वस्तात मिळत; त्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीला दुसऱ्या आवृत्तीची चित्रे ताबडतोब ओळखीची वाटतील, इतकी ती त्या मुद्रेची आहेत. बाईला आता नाक-डोळे आहेत, मुद्रेवर संताप आहे, वस्तूंना सावल्या आहेत. यादी कवितेत आहे; चित्रात स्टेशन आहे.

गेल्या वर्षी मी ही दोन्ही पुस्तके पदव्युत्तर वर्गात रशियन मजकूर झाकून दाखवली आणि केवळ चित्रांवरून गोष्ट सांगावयास लावली. नव्या पुस्तकावरून विद्यार्थ्यांनी एका रागीट बाईची गोष्ट सांगितली. जुने पुस्तक उघडल्यावर ते प्रथम काही बोलले नाहीत. मग एका विद्यार्थिनीने पानावर बोट ठेवून मोजावयास सुरुवात केली : कोच, पेटी, पिशवी, तसबीर, करंडी, खोका, आणि कुत्र्यापाशी ती थांबली.